हजेरीतलं शेवटचं नाव

कागद आणि किस्सा यांत एक मूलभूत फरक आहे. कागद कपाटात ठेवला तर वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. फार तर वाळवी लागून थोडा कमी होतो. किस्सा कमी झाल्याचं मात्र मी अद्याप पाहिलेलं नाही. ज्याच्या तोंडी तो जातो, तो स्वतःचं थोडं घालूनच पुढे देतो. आमच्या कॉलेजच्या मैदानावर असे किस्से इतके साठले आहेत, की कॉलेजची इमारत त्यांच्यापुढे लहान वाटावी. आणि ती लहान आहेच! मारेगावच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत, तीन बाजूंना कापसाची शेतं आणि चौथ्या बाजूला इमारतीच्या चौपट मैदान.

हे किस्से निस्तरण्याचं काम प्राचार्यांनी माझ्यावर सोपवलं.

"मॅडम, तुम्ही इतिहासाच्या. शिवाय इथल्याच माजी विद्यार्थिनी. स्मरणिकेसाठी क्रीडा विभागाचा इतिहास तुम्हीच लिहा. वीस पानं. आणि जरा रंजक असू द्या!"

"रंजक की खरा?" मी विचारलं.

"आधी रंजक. खऱ्याचं मग बघू!"

संशोधकाने आपला पूर्वग्रह प्रस्तावनेतच सांगावा, असं मला विद्यापीठात शिकवलं गेलं. म्हणून सांगून टाकते. या इतिहासात जी जी माणसं येतात, त्या सर्वांचा मला हेवा वाटतो. माझ्याकडे सुवर्णपदक आहे, डॉक्टरेट आहे, दारावर पितळी पाटी आहे. पण त्या मैदानावर त्यांना नाव आहे आणि मला नाही. हे वाक्य अलंकारिक नाही. शब्दशः घ्यावं.

*

नावाचं असं आहे. आमचे रहीम सर आयुष्यभर क्रीडा शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. त्यांच्या लक्षात कोणाचंही नाव राहत नसे. हजेरीबुकात पाहून हाक मारायची तर तोवर पोरगं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचलेलं. त्यावर त्यांनी स्वतःची पद्धत काढली.

"मायबापानं ठेवलेलं नाव घरी वापरा. इथं मी ठेवीन थे चालन!"

विलास नावाचा एक मुलगा शंभर मीटरमध्ये नेहमी शेवटचा यायचा. पण मध्येच शर्यत सोडून कधी बाजूला झाला नाही. त्याला नाव मिळालं 'बैलगाडी'. तो हिरमुसला, तेव्हा सर म्हणाले, "अबे, बैलगाडी पोचते का नाई? मंग!"

आज हा विलास यवतमाळ डेपोत एसटीचा ड्रायव्हर आहे. मागे एकदा सरांना त्याच्याच गाडीने गावाकडे यायचं होतं. त्याचं खरं नाव सरांना अर्थातच ठाऊक नव्हतं. ते चौकशीच्या खिडकीशी गेले आणि म्हणाले, "आमची बैलगाडी किती वाजता सुटन?"

आतला माणूस सौम्यपणे म्हणाला, "चाचा, इथून येष्टी सुटते."

"थेच तं विचारून राह्यलो! बैलगाडीची येष्टी!"

संध्याचं नाव 'सायरन'. ती आमच्या खो-खो संघाची कर्णधार. तिने दिलेला 'खो' शेतात कापूस वेचणाऱ्या बायकांना ऐकू जायचा आणि त्या दचकून उभ्या राहायच्या. ती आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्या शाळेची घंटा तीन वर्षांपूर्वी चोरीला गेली. शाळेने अजून तक्रार दिलेली नाही. गरजच पडलेली नाही!

संध्या आणि मी एका वर्गातल्या. तिला पहिल्याच आठवड्यात नाव मिळालं. मी तीन वर्षं त्याच मैदानावर होते.

*

आता विक्रमाविषयी. आमच्या कॉलेजात चारशे मीटर धावण्याचा एक विक्रम आहे, आणि तो ज्याने केला त्या मुलाला सगळे आजही 'रेकॉर्ड' म्हणतात. वेळ अशी, की ती वाचून माझ्या भुवया वर गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत.

मी मैदानाचे शिपाई देवरावभाऊ यांना विचारलं, "धावपट्टी कोणी आखली?"

"मीनंच, मॅडम. दर साली मीच आखतो. विहिरीचा दोर हाय, थ्याच्यानं मोजतो."

"दर वर्षी तोच दोर?"

"थोच! पक्का हाय. मधात तुटे, तं गाठ मारतो ना."

म्हणजे दर वर्षी एक गाठ, आणि दर गाठीला दोर वीतभर आखूड. मी टेप आणून धावपट्टी मोजली. तीनशे एकसष्ट मीटर भरली!

या मोजणीने एक जुनं कोडंही सुटलं. 'रेकॉर्ड' जेव्हा जिल्हा स्पर्धेला यवतमाळला गेला, तेव्हा तो सर्वांच्या पुढे होता. शेवटच्या सरळ पट्टीत तो अचानक थांबला, त्याने दोन्ही हात वर केले आणि प्रेक्षकांना नमस्कार केला. मागचे सातही जण त्याच्या बाजूने निघून गेले. तो शेवटपर्यंत पंचांशी भांडत होता, की शर्यत संपली आहे.

मी देवरावभाऊंना म्हटलं, "तुमच्या दोराने त्या मुलाचं पदक घालवलं."

देवरावभाऊ जराही डगमगले नाहीत. "पोट्टा बरोब्बर थांबला, मॅडम. यवतमाळचं मैदान लंबं हाय!"

मी मसुद्यात एकोणचाळीस मीटरची तळटीप दिली. प्राचार्यांनी तळटीप काढली. 'रेकॉर्ड'चं नाव तेवढं राहिलं. चुकीच्या विक्रमाचं का होईना, माणसाला नाव आहे!

*

पुढचा किस्सा समजायला एक शब्द माहीत हवा. कापसाच्या दोन ओळींमधून जी चालायची पट्टी जाते, तिला आमच्याकडे 'तास' म्हणतात. कॉलेजातल्या पीरियडलाही तासच म्हणतात.

दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली, की खो-खोचा निम्मा संघ शेतात असायचा. सरांनी आठवडाभर रिकाम्या मैदानाकडे पाहिलं, आणि एके दिवशी शिटी गळ्यात अडकवून सरळ शेतात गेले. "मैदान इकडं येत नाई तं मीच येतो, बापा!" वेचून झालेल्या ओळींमध्ये त्यांनी सराव सुरू केला. एका तासातून शिरायचं, दोन झाडं सोडून दुसऱ्या तासात निघायचं, आणि उरलेल्या बोंडाला धक्का लागता कामा नये. आमच्या मुलींना जी नागमोडी पळती साधली, ती कोणत्याही पुस्तकात नाही.

त्या वेळच्या प्राचार्यांच्या कानावर मात्र एवढंच गेलं, की मुली दुपारी वर्गात नसतात. त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं.

"काल दुपारी दोन ते तीन कुठे होता?"

"तासात होतो, सर!" सगळ्या एका सुरात.

प्राचार्य जरा निवळले. "कोणाच्या तासात?"

"संध्याच्या बापाच्या!"

यात कोणाची चूक होती असं मला म्हणता येत नाही. त्याच दुपारी दोन ते तीन मी इतिहासाच्या खऱ्याखुऱ्या तासाला बसले होते. वर्गात मी, शिकवणारे सर आणि पंखा. खिडकीतून संध्याचा 'खो' ऐकू येत होता.

*

मी मैदानावर गेले ती धावायला नाही. सूचनाफलकावर एका सामन्याचे गुण लावले होते; ते मी जाता जाता वाचले आणि तशीच रहीम सरांसमोर जाऊन उभी राहिले.

"बेरीज चूक आहे, सर."

सरांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "पयता येते?"

"नाही."

"मंग बेरीज तूच लिव!"

अशी मी संघाची गुणलेखक झाले. गडी बाद झाला की एक रेघ. मी पेन्सिलीने लिहीत असे. पेनाने लिहिणाऱ्याला आपली चूक मान्य करायची सोय राहत नाही. तीन वर्षांत मी एकही सामना चुकवला नाही. त्या अवधीत सरांनी कँटीनवाल्याला नाव ठेवलं, मैदानावर चरायला येणाऱ्या म्हशीला नाव ठेवलं. मला ते 'ए पोरी' म्हणत.

*

आमच्या ट्रॉफीच्या कपाटाविषयी पाहुणे नेहमी एक प्रश्न विचारतात. मधला कप्पा इतका उंच आणि कमानीचा का, आणि त्यात प्रथमोपचाराची पेटी का?

कारण असं. माझ्या तिसऱ्या वर्षी मुलींचा संघ विभागीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. सामना यवतमाळला होता. विजेत्यांची ढाल आपलीच, याबद्दल गावात कोणालाही शंका नव्हती. खात्री इतकी, की देवरावभाऊ दोन दिवस आधी यवतमाळला जाऊन आले, संयोजकांच्या टेबलावर ठेवलेल्या ढालीचं हाताने माप घेऊन आले, आणि लोहाऱ्याच्या एका सुताराकडून तिच्या मापाचं कपाट करवून घेतलं.

संयोजकांनी त्यांना विचारलं होतं, "काका, काय करून राह्यले?"

"काही नाई. पाव्हणी येणार हाय, तिच्या खाटीचं माप घेऊन राह्यलो!"

पाहुणी आली नाही. कपाट आलं.

*

ती का आली नाही, हे सांगणारे गावात पुष्कळ आहेत; पण या एका किस्स्याचा कागद माझ्याकडे आहे, म्हणून मीच सांगते.

सामना आम्ही एका गुणाने जिंकला. शेवटची शिटी झाली, मुली मैदानातच नाचू लागल्या, संध्याच्या आवाजाने झाडावरची पाखरं उडाली, देवरावभाऊंनी फटाक्यांची लड पेटवली. मी सही करण्यापूर्वी, सवयीप्रमाणे, कागद पुन्हा मोजला.

चौथ्या मिनिटाला एकच गडी बाद झाला होता, हे मला पक्कं आठवत होतं. रेघा दोन होत्या.

हात माझाच होता. शेजारी बसलेल्या दुसऱ्या कॉलेजच्या गुणलेखकाकडेही दोनच होत्या, कारण तो पहिल्यापासून माझंच पाहून लिहीत होता. कोणालाही काही कळलं नसतं.

मी पंचांना हाक मारली. "बेरीज चूक आहे, सर."

एक रेघ खोडली. बरोबरी झाली. फटाके वाजत असतानाच जादा डाव जाहीर झाला, आणि त्या जादा डावात आम्ही एका गुणाने हरलो.

परतीच्या गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. मुली उभ्याने आल्या, पण तिथे बसल्या नाहीत. संध्या बराच वेळ गप्प होती. तिच्या बाबतीत ही घटना इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. मग तिने मागे वळून एवढंच विचारलं, "व माय, तू कोणाच्या टीमची होती व?"

रहीम सर पूर्ण रस्ता खिडकीबाहेर पाहत होते. आम्ही उतरलो तेव्हा ते मला एकच वाक्य बोलले. "उतरतानी पाय पाह्य."

हाच त्यांचा निकाल, असं मी समजले. परीक्षा दिली आणि नागपूरला निघून गेले.

*

त्यानंतरच्या वर्षी सरांनी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा सुरू केला. त्याला मेळावा कोणी म्हणत नाही, 'हजेरी' म्हणतात. "औंदा हजेरीले येतं ना बे?" असं फोनवर विचारतात, आणि माणसं पुण्याहून, हैदराबादहून येतात. भाषणं नाहीत, सत्कार नाहीत. देवरावभाऊ मैदानावर चुन्याची एक लांब रेघ मारतात. रेघेच्या आत उभं राहायचं. सर समोर येतात, हातात कागद नसतो, आणि एकेक नाव पुकारतात.

"सायरन!"

"हाजिर!" मारेगावपर्यंत.

"बैलगाडी!"

सगळे मागे वळून पाहतात. बैलगाडी फाटकातून धावत येत असते. "हाजिर, सर!"

"पोचली!"

एकदा तहसीलदार झालेला, पूर्वी धावताना भात्यासारखा धापा टाकणारा एक माजी विद्यार्थी गाडीत बसूनच खिडकीतून "हाजिर" म्हणाला. सरांनी पुढचं नाव घेतलं नाही. तो उतरला, बूट काढले, रेघेच्या आत येऊन उभा राहिला. "आता बोल, फेफडं!" सर म्हणाले, आणि सबंध तालुक्याचे तहसीलदार "हाजिर" म्हणाले.

जे या जगात नाहीत, त्यांचीही नावं सर घेतात. तेव्हा सगळी रांग एकदम म्हणते, "हाजिर!" हे ऐकताना मी माझ्या टेबलावरच्या याद्या नीट लावते. वाऱ्याने त्या नेमक्या त्याच वेळी विस्कटतात.

माझं टेबल रेघेच्या बाहेर असतं. प्राध्यापक म्हणून मी इथे परत आले त्याला पाच वर्षं झाली. पाचही हजेऱ्यांना मी नावनोंदणी केली. येणाऱ्या प्रत्येकाचं खरं नाव मी लिहून घेते. खोटं नाव मात्र सर देतात, आणि माणसं त्याच्यासाठी पाचशे किलोमीटर येतात!

शेवटचं नाव दर वर्षी एकच असतं.

"रबर!"

कोणी उत्तर देत नाही. पहिल्या वर्षी मृतांच्या रिवाजाप्रमाणे रांग ओरडायला गेली, तर सरांनी हात वर केला. "चूप! जितं हाय ते. ज्याचं त्यानंच बोलाचं!"

मग ते थांबतात. घड्याळ लावून मी मोजलं आहे. पूर्ण एक मिनिट. दीडशे माणसं श्वाससुद्धा जपून घेतात. त्यानंतर सर म्हणतात, "येईन ते. पुढच्या हजेरीले येईन." आणि शिटी वाजवतात. मग रोडगे आणि वांग्याची भाजी.

हेवा हा शब्द मी सुरुवातीला वापरला. तो संध्याच्या बाबतीत पुरेसा होता. या रबरच्या बाबतीत अपुरा आहे. सबंध मैदान जिच्यासाठी, किंवा ज्याच्यासाठी, एक मिनिट उभं राहतं, ते माणूस एकदा येण्याची तसदीही घेत नाही!

*

इतिहास लिहायचा म्हटल्यावर रबरचा शोध घेणं भाग होतं. पहिली अडचण व्याकरणाची. वऱ्हाडीत 'ते पोरगी' म्हणतात आणि 'ते पोट्टं'ही म्हणतात. सरांच्या 'ते' वरून स्त्री की पुरुष हे ठरत नव्हतं. मी तशी टीप करून ठेवली.

विलासला, म्हणजे बैलगाडीला, विचारलं तेव्हा त्याने व्याकरणाचा प्रश्न निकालात काढला.

"रबर? अवं मॅडम, मी या डोयानं पाह्यली ना! खो-खोची. कंबरेतून अशी वाके, का हात लावणारा पुढं अन् थे मांगं! पाच मिनिटं कोनाच्या हाती लागली नाई!"

पुढच्या वर्षी खात्री करून घ्यावी म्हणून पुन्हा विचारलं. सहा मिनिटं झाली होती. यंदा सात.

"मागच्या वर्षी तुम्ही सहा म्हणाला होतात," मी वही उघडून दाखवली.

"मांगच्या साली घाईत होतो, मॅडम!"

देवरावभाऊंच्या मते रबर धावली की चुन्याची रेघ पुसली जात नसे, एवढे तिचे पाय हलके. यवतमाळच्या डेपोत म्हणे आजही तिच्या गोष्टी निघतात. मात्र तिचं खरं नाव, गाव, वर्ष यांपैकी एकही गोष्ट कोणाला सांगता येईना.

शेवटी मी संध्याला फोन केला.

"आपल्या आंधीची असंन कोनी," ती म्हणाली. "पण तुले कायले पाह्यजे व थे?"

"कागदात सापडत नाही."

"तुह्या कागदात कशी सापडन? तुह्या कागदात तं आपण जिंकलेलं बी सापडत नाई!"

इतक्या वर्षांनी! मी फोन ठेवला आणि पुन्हा कागदांकडे वळले. क्रीडा विभागाची होती नव्हती तेवढी सगळी गुणपत्रकं मी तपासली. माझ्या आधीची, माझी, माझ्या नंतरची. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे सरांनी दिलेलं नाव लिहिलं. जुळवाजुळव पूर्ण झाली. एकही खेळाडू उरला नाही. एक नाव उरलं.

वीस पानांच्या इतिहासातलं एक पान कोरं राहिलं. छापखान्यातून दोनदा फोन आला.

*

यंदाच्या हजेरीच्या दिवशी मी याद्यांचं काम दुसऱ्या प्राध्यापकाकडे दिलं आणि फाईल घेऊन सरांकडे गेले. ते कडुनिंबाखाली लोखंडी खुर्चीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. मैदानावर रांग लागत होती.

"सर, रबर कोण ते सांगा. माझं एक पान अडलं आहे."

"तू तं सारे कागद पाह्यले म्हणते."

"सगळे. एकूण एक खेळाडू."

"खेयाडू पाह्यले तूनं," सर म्हणाले. "कागद नाई पाह्यला."

त्यांनी माझ्या हातातून फाईल घेतली. चष्मा नव्हता, तरी पानं उलटत ते बरोबर यवतमाळच्या अंतिम सामन्यापाशी थांबले. तो कागद त्यांनी उन्हाकडे धरला. चौथ्या मिनिटाच्या रकान्यात एक रेघ होती, आणि तिच्या शेजारी रेघेएवढीच एक जागा, जिथून ऊन आरपार येत होतं.

"इथं कागद पतला काहून झाला?" सरांनी विचारलं. "कायनं झाला?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी फाईल माझ्या हातात दिली, शिटी गळ्यात अडकवली आणि मैदानाकडे चालू लागले. मी कागद पाहत राहिले. तळाशी, 'गुणलेखक' या छापील शब्दापुढे, पेन्सिलीने केलेली एक सही होती. माझ्या तीन वर्षांतल्या प्रत्येक गुणपत्रकावर ती होती. तपासण्यासारखं नाव नाही, म्हणून मी ते कधी तपासलं नव्हतं.

"सायरन!"

"हाजिर!"

"रेकॉर्ड!"

"हाजिर!"

"बैलगाडी!"

"आलो, आलो! हाजिर!"

नावं पुढे जात राहिली. मी चुन्याच्या रेघेपर्यंत आले होते. माझ्या चपलेचं टोक रेघेला लागत होतं आणि मी ते मागे घेतलं.

"रबर!"

सरांनी हात वर केला. मैदान गप्प झालं. या वेळी मी घड्याळ लावलं नाही. किती वेळ गेला याची माझ्याकडे नोंद नाही.

मी पाय पाहून रेघेच्या आत ठेवला.

"हाजिर, सर."

दीडशे माना एकदम वळल्या. संध्याच्या तोंडून शब्द निघेना. तिच्या आयुष्यातली ही दुसरी वेळ. मग ती हळू, खरोखर हळू, म्हणाली, "व माय!" आणि रांगेत सरकून तिने आपल्या शेजारी एका माणसाची जागा केली.

तेवढ्यात मागून विलासने आरोळी ठोकली. "हेच! हेच ते! मी सांगत नोतो? या डोयानं पाह्यली! सात मिनिटं कोनाच्या हाती लागली नाई!"

लोक हसू लागले. सर हसले नाहीत. त्यांनी विलासकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या फाईलकडे.

"काय व, रबर," ते म्हणाले. "बैलगाडी सात मिनिटं म्हणते. बरोबर हाय?"

सगळं मैदान माझ्या उत्तराची वाट पाहत होतं. संध्या तर सर्वांत जास्त.

"चूक आहे, सर," मी म्हणाले. "साडेसात."